सल्काटाचं पिल्लू आलंय, पाठीचे खवले टोकदार होत चाललेत. काय करू?

नवशिका

नमस्कार मंडळी,

ओळखीतल्या एका कुटुंबाला आता सांभाळणं जमणार नव्हतं म्हणून त्यांच्याकडचं सल्काटा जातीचं कासव, म्हणजे आफ्रिकेतलं मोठं जमिनीवरचं, आमच्याकडे आलं आहे. पिंजऱ्यात जन्मल्याचे आणि मालकी बदलल्याचे कागद नीट करून घेतले आहेत. वय वर्षाच्या आसपास असावं, वजन काट्यावर २१० ग्रॅम भरलं.

सोबत आलेलं सामान असं: वरून उघडी काचेची टाकी, तळाला वाळू, एका कोपऱ्यात साधा पिवळा दिवा, एक उथळ बशी. आणि तोंडी सूचना: "वाळवंटातला प्राणी आहे, ओल अजिबात लागू देऊ नका. आठवड्यातून एकदा अंगावरून पाणी घातलं तरी पुरे."

आता काळजीचं. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याचा मध्य वर आलाय, बोट फिरवलं की टोकं लागतात. दिवसभर दिव्यापासून लांबच्या कोपऱ्यात तोंड घालून बसतं. काकडी आणि लेट्यूस खातं, गवताकडे बघतही नाही. आज पांढरं काहीतरी बाहेर टाकलं, बोटात धरलं तर कचकच लागलं.

प्रश्न बरेच आहेत, मुख्य एवढेच: पाठ अशी का झाली आणि ती सपाट होईल का? खायला नेमकं काय द्यायचं? एकटं पडलंय म्हणून जोडीला दुसरं आणावं असं घरात चाललंय, ते बरोबर का? आणि एकाने सांगितलं की जनावरांना देतात ते जंताचं औषध थोडं देऊन टाका, म्हणजे भूक लागेल. देऊ का?

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

---

टवाळ

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण जातीचा मान राखावा म्हणून सांगतो. १९६८ साली सोव्हिएत झोंड ५ यान चंद्राला वळसा घालून पृथ्वीवर परतलं तेव्हा आत दोन कासवं होती. वजन थोडं घटलं होतं, भूक शाबूत. तुमच्या पाहुण्याने काचेच्या टाकीत रुसून बसावं हे काही बरोबर नाही.

खडूस काकू येतीलच आता. बसा सावरून.

---

खडूस काकू

आले. टवाळा, ती हॉर्सफिल्डची कासवं होती, हाताएवढी. सल्काटा पाठवला असता तर यानाच्या भिंतीला ढुशा देऊन दार उघडायला लावलं असतं.

नवशिक्या, कागद करून घेतलेस आणि वजन केलंस, ही दोन कामं बहुतेक लोक वर्षभर करत नाहीत. वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करून वहीत लिहीत जा. कासव आजारी आहे हे डोळ्यांना दिसायच्या आधी वहीला दिसतं.

आता त्या तोंडी सूचनेबद्दल. ती विसर. सल्काटाच्या पिल्लांचं जितकं नुकसान "वाळवंटातला प्राणी" या दोन शब्दांनी केलंय तितकं कुठल्या रोगाने केलं नसेल. सहाराच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदान, इथिओपियापर्यंत साहेलचा पट्टा जातो, तिथलं हे जनावर. वर ऊन मरणाचं, कबूल. पण हे वर असतं कधी? सकाळी, संध्याकाळी आणि पावसात. उरलेला वेळ बिळात, आणि ते बीळ तीन-तीन मीटर खोल जातं. तिथे माती ओलसर, हवा दमट, तापमान फारसं हलत नाही. आपण नकाशा बघून टाकीत वाळू भरतो, बिळाचा विचारच करत नाही.

पाठ टोकदार होते त्याला पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी सगळा दोष प्रथिनांना द्यायचे: जास्त पौष्टिक खाल्लं, भराभर वाढलं, पाठ फुगली. व्हिएन्नाच्या विझनर आणि इबेन यांनी २००३ साली याच जातीच्या ५० पिल्लांवर पाच महिने प्रयोग केला. काही कोरड्या हवेत, काही दमट हवेत, आणि प्रथिनांचं प्रमाण कमीजास्त. निकाल स्वच्छ होता. कोरड्या हवेतल्या पिल्लांची टेंगळं उंच झाली, दमट हवेतल्यांची, जिथे आर्द्रता ४५ ते ९९ टक्के होती, बरीच कमी. प्रथिनांचा परिणाम त्यापुढे किरकोळ निघाला. याचा अर्थ वाटेल ते खायला घाला असा नाही, त्यावर येतेच.

वर आलेलं आता खाली बसणार नाही. ते हाड आणि त्यावरचं केराटिन आहे, घासून, तेल चोळून, क्रीम लावून काही होत नाही. उलट तेल लावूच नकोस. कवचात नसा आहेत, पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या आहेत, बोट लावलं तर त्याला कळतं. पण वर्षाचंच आहे ना? मग अजून सगळं हातात आहे. दोन खवल्यांच्या मधल्या खाचेकडे बघ, तिथे फिकट रंगाची बारीक रेघ दिसेल. ती नवी वाढ. आजपासून ओल मिळाली तर ती रेघ सपाट रुंदावत जाईल आणि मोठेपणी ही टोकं त्या मानाने लहान दिसतील.

करायचं काय ते सांगते. वाळू आधी बाहेर. खाण्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. त्या जागी कोकोपीट किंवा ऑर्किड लावतात ती झाडाची साल, चांगली चार बोटं जाड. पाणी वरून शिंपडू नकोस, कोपऱ्यातून ओत, म्हणजे खालचा थर ओला आणि वरचा नुसता दमट राहतो. टाकीला वरून झाकण हवं. उघड्या टाकीत दिवा लावला की गरम हवा सगळी ओल घेऊन वर जाते, मग तू दिवसभर पाणी मार नाहीतर काही कर. दिवे झाकणाच्या आत आले पाहिजेत, पण जनावराच्या आणि ओल्या हाताच्या आवाक्याबाहेर, नीट जाळीत, वायरिंग जाणत्या माणसाकडून. आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. लपायला एक अंधारी पेटी, तिच्यात सगळ्यात जास्त ओल. कोपऱ्यात तोंड घालून बसतंय ना, ते रुसलेलं नाही, बीळ शोधतंय.

ऊब: दिव्याखाली जिथे पाठ शेकते तिथे ३५ ते ३७ अंश, बाकी टाकीत तीसच्या आसपास आणि रात्री २६-२७ च्या खाली नाही. रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅटला जोडून. लाल-निळे रात्रीचे दिवे विकतात, ते नकोत, कासवाला रंग दिसतात. आणि हे पक्कं डोक्यात ठेव: ओल असेल तर ऊब हवीच. ओलं आणि गार एकत्र आलं की छातीचा आजार ठरलेला.

यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, नळी घेतलीस का? त्या पिवळ्या दिव्यातून यूव्हीबी येत नाही. आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही कामाचं नाही, काच ते किरण अडवते. यूव्हीबीशिवाय कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम वाया, मग कवच मऊ पडतं, चोच वेडीवाकडी वाढते, चालताना पोट उचलत नाही. लांब सरळ टी५ नळी घे, पिळाचे छोटे बल्ब नकोत. कंपनीने सांगितलेल्या अंतरावर टांग. दिसायला जळत राहिली तरी वर्षभराने तिच्यातले किरण बरेच उतरलेले असतात, बदलायची. बाहेर मोकळं ऊन मिळत असेल तर त्याची सर कशालाच नाही. मात्र सावली सोबत हवी आणि डोळ्यांसमोर. काचेची टाकी उन्हात ठेवून आत गेलास तर परत येईपर्यंत शिजलेलं असेल.

अंघोळ आठवड्यातून एकदा नाही, रोज. एवढ्या पिल्लाला वीस-तीस मिनिटं कोमट पाण्यात, बाजूने न दिसणाऱ्या उंच टबात. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत. पहिल्यांदा बघशील तर गंमत वाटेल. आधी कडेने गोल फिरतं, मग एकदम थांबतं, मान लांब करून नाक पाण्यात बुडवतं आणि गळ्याखालची सैल कातडी लयीत आतबाहेर होऊ लागते. पितंय. मिनिटभर तसंच, डोळे उघडे. थोड्या वेळाने मागून एक पांढरा गोळा पाण्यात सुटतो. तो युरेट, युरिक आम्लाचा. दाट मलईसारखा असला तर ठीक. तुला कचकच लागली म्हणजे पाणी कमी पडलंय. हे असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो, आणि सल्काटात तो काही दुर्मीळ नाही.

बाकीचं रात्री लिहिते, आमचे धोंडोपंत, म्हणजे माझा मोठा सल्काटा, दारावर धडका देतायत.

---

जनावरांचा डॉक्टर

काकूंनी बहुतेक सगळं सांगितलं. मी आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण तो जिवाशी गाठ असलेला आहे.

जनावरांचं जंताचं औषध देऊ नका. त्यातल्या बऱ्याच औषधांत आयव्हरमेक्टिन असतं. गाय, कुत्रा, मेंढी यांना चालतं. कासवांच्या मेंदूत ते शिरतं, अंग लुळं पडतं, श्वास थांबतो. उलटवायला औषध नाही. अंगावर लावायच्या गोचीड-पिसवांच्या औषधांतही ते असू शकतं, तीही नकोत.

दुसरं, थोडेफार जंत असणं कासवात नेहमीचंच. गवतखाऊ कासवांच्या आतड्यात सुतासारखे जंत बिनबोभाट राहतात. ताजी शी डबीत घालून सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघू द्या. प्रमाणाबाहेर असले तरच औषध, तेही वजनावरून.

कुणी "डोळे सुजलेत, अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊ" म्हणालं तर थांबा. ती पद्धत पाण्यातल्या कासवांवरून आली. पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवाला त्याची कमतरता क्वचितच होते, आणि जास्त झालं तर कातडी सोलून निघते. मी अशी कासवं टेबलावर पाहिली आहेत.

लगेच दाखवायला कधी न्यायचं? नाकातून पाणी किंवा बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून श्वास, शिट्टीसारखा आवाज. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, खोकून कफ बाहेर काढता येत नाही, त्यामुळे छातीत साठलेलं साठूनच राहतं. तसंच वर्षाच्या पिल्लाचं खालचं कवच दाबल्यावर लवत असेल तर थांबू नका. आणि जोर लावूनही लघवी-शी होत नसेल तर एक्स-रे, खडा आहे का बघायला.

हात धुवा. दरवेळी, साबणाने. धडधाकट कासवाच्या शीतूनही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू जातो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत. अंघोळीचा टब स्वयंपाकघरात रिकामा करू नका.

---

पानगळ

काकूंशी सहमत, पण एक मुद्दा जोडतो, नाहीतर उद्या कुणीतरी हाच धागा वाचून भलत्या जातीला हेच लागू करेल. माझ्याकडे लाल पायांची कासवं आहेत, दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली. ती फळं खातात, अळंबी खातात, अधूनमधून गोगलगाय किंवा गांडूळही. त्यांना दमट हवा आयुष्यभर लागते आणि ३७ अंशांचा दिवा त्यांना नको असतो, सावलीत बरं वाटतं. उलट हर्मन आणि हॉर्सफिल्ड जातीची कासवं थंडीत काही महिने झोपतात, सल्काटा झोपत नाही. त्याला फ्रिजमध्ये झोपवायला गेलात तर मरेल. तेव्हा "कासव काय खातं" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं कासव?

दमटपणाबद्दलही थोडं. माझ्याकडे एकाच्या पोटाकडच्या कवचावर बुरशी धरली होती, कारण वरचा थर सतत चिखल. काकू म्हणाल्या तसं खाली ओल आणि वर नुसता दमटपणा, हे अगदी बरोबर आहे.

---

खडूस काकू

पानगळ, मान्य. फळांचं मी सल्काटापुरतं सांगणार होते. सांगतेच.

सल्काटा हे चरणारं जनावर. त्याचं आतडं गवतासाठी आहे, आत जंतू बसून चोथा आंबवतात. गोड फळ गेलं की ते आंबवणं बिघडतं आणि जुलाब. काकडी-लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी, चोथाही नाही, कॅल्शियमही नाही. पण एकदम बंद करू नकोस, उपाशी बसेल. हरळी किंवा कुठलंही फवारणी न केलेलं कोवळं गवत कात्रीने अगदी बारीक काप, अर्ध्या नखाएवढं. लेट्यूस तसाच बारीक कापून त्यात कालव, थोडं पाणी शिंपड. निवडून खाता येऊ नये ही खरी युक्ती. मग दर आठवड्याला लेट्यूस कमी, गवत जास्त. हट्टी असतात, दोन महिने लागले तरी घाबरू नकोस, वजन घटत नाही ना एवढं बघ. पुढे वाळलेलं गवत चावायची ताकद आली की तेच मुख्य.

सोबत जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, फड्या निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे. निवडुंगात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट पोटात जायला हवं, हा साधा हिशोब, म्हणून दाणे, कडधान्य, पोळी-भात, मांस, कुत्र्यामांजराचं खाणं सगळं बंद. पालकात ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियम धरून ठेवतं, रोज नको. समुद्रफेसाचा तुकडा टाकीत टाकून ठेव, हवा तेव्हा कुरतडेल. कण्हेर, घाणेरी, डिफेनबाकिया यांच्या आसपास चरायला सोडू नकोस.

जोडीदार: नको. निक्षून नको. कासवाला एकटेपणा नसतो, तो आपल्याला असतो आणि आपण त्याच्यावर लादतो. दोन ठेवली की एक दुसऱ्याच्या मागे हळूहळू चालत राहतं, खाण्यावर येऊन बसतं, दिव्याखाली त्याला रेटतं. लोकांना वाटतं किती प्रेम, शेजारी शेजारी झोपतात. झोपत नाहीत, उबेची जागा अडवतायत. दबलेलं खायचं सोडतं आणि वाढ थांबते. दोन जातींची एकत्र तर मुळीच नको. एकाला काही न करणारा नागीण-विषाणू किंवा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू दुसऱ्याला मारतो.

आता जे कुणी विचारलं नाही ते. नवशिक्या, तू २१० ग्रॅमचं पिल्लू घेतलेलं नाहीस. गालापागोस आणि अल्डाब्राच्या राक्षसी कासवांनंतर आकाराने तिसरा नंबर सल्काटाचा. मोठा झाला की ३५ ते ५० किलो, काही नर शंभरीला टेकतात. आयुष्य सत्तर वर्षं आणि वर. आमचे धोंडोपंत चाळीस किलोच्या पुढे गेल्यावर मी वजन करणं सोडलं, कारण उचलायला माणसं बोलवावी लागतात आणि पंत मधेच चालायला लागतात.

नर आहेत हे कळलं कसं? लहानपणी कळत नाही. पुढे शेपूट लांब होते, खालचं कवच मध्ये खोलगट होतं आणि गळ्याखाली कवचाची दोन टोकं नांगरासारखी पुढे येतात. त्या नांगराने ते सगळं ढकलतात: कुंडी, बादली, माझी पिंढरी. अंगणाला आधी तारेची जाळी होती. पलीकडचं दिसतं म्हणजे तिकडे जायचं, एवढाच हिशोब, रोज एकाच जागी उभे राहून रेटा. शेवटी खालच्या दोन फुटांत फळ्या ठोकल्या. दिसेनासं झाल्यावर तो प्रदेश पंतांच्या दृष्टीने जगातून नाहीसा झाला. पण खाली? कुंपण जमिनीत पुरावं लागलं, नाहीतर ते खणून पलीकडे. बीळ घराच्या पायाकडे वळलं तेव्हा तिथे फरशा पुराव्या लागल्या. आता त्यांची स्वतःची खोली आहे, आत हीटर, दाराला जाड रबरी पट्ट्यांचा पडदा. गार रात्री स्वतःहून जात नाहीत, मागून ढकलत न्यावं लागतं, आणि ते फुस्स करून तक्रार करतात.

उलटं पडलं तर ताबडतोब सरळ कर. वजनाने फुप्फुसं दबतात आणि उन्हात असेल तर काही वेळातच संपतं. म्हणून अंगणात पायऱ्या, उभे दगड, खोल बशा नकोत.

हे सगळं घाबरवायला नाही. पण बागेची जागा नसेल तर आत्ताच, पिल्लू तळहातावर मावतंय तोवर, कुणाकडे जाईल ते शोध. मोठ्या सल्काटाला घर मिळणं फार अवघड, आश्रयस्थानं भरलेली असतात. आणि बाहेर कुठेतरी "निसर्गात" सोडायचं तर नावच काढू नकोस. साहेल सोडून त्याचा निसर्ग कुठेच नाही.

---

टवाळ

सत्तर वर्षं! म्हणजे मृत्युपत्रात लिहावं लागणार.

---

खडूस काकू

लिहिलंय. हसू नकोस. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन, सेशेल्सचं राक्षसी कासव, १८८२ साली तिथे आणला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. तिथले गव्हर्नर किती बदलले बघ. माझ्या भाचीच्या नावावर पंत आहेत, तिला विचारून. नुसतं नाव लिहून उपयोग नाही, ती दर सुट्टीत येऊन खायला घालते, खोलीचा हीटर कसा लावायचा ते तिला येतं.

---

नवशिका

काकू, डॉक्टरसाहेब, पानगळ, सगळ्यांचे आभार. औषध दिलेलं नाही, देणारही नाही. दुसरं आणायचा विषय घरात बंद केला, थोडी नाराजी आहे.

वाळू काढली, साल भरली, टाकीवर झाकण बसवलं. आर्द्रतेचा काटा काल ७६ दाखवत होता. ओल्या पेटीत गेलं आणि सकाळी बाहेरच आलं नाही म्हणून घाबरून उचलून बघितलं, तर चांगलं जागं होतं आणि माझ्यावर फुस्स केलं. अंघोळीत पाणी पितं ते पाहिलं, गळ्याची हालचाल अगदी काकूंनी लिहिलीय तशी. पांढरं अजून थोडं खरखरीत आहे.

दोन शंका. कागदांबद्दल कुणी जास्त सांगेल का, माझ्याकडे आहेत ते पुरेसे आहेत हे कसं ओळखायचं? आणि यूव्हीबीची नळी दिवसभर चालू ठेवायची का?

---

पानगळ

कागदांचं मी सांगतो. जमिनीवरच्या कासवांचं सगळं कुळच सायटीस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणजे देशाबाहेर नेणं-आणणं परवान्याशिवाय नाही. सल्काटा परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि रानातून पकडून व्यापारासाठी निर्यात करायचा कोटा शून्य आहे. म्हणून तुमच्या कागदावर पिंजऱ्यात जन्म असं स्पष्ट हवं, आणि जनावर कुणाकडून कुणाकडे गेलं याची साखळी तुटलेली नको. काही जाती परिशिष्ट १ मध्ये आहेत, तिथे व्यापार जवळजवळ बंदच. पाठीवर चांदण्या असलेलं भारतीय तारा कासव २०१९ पासून तिथे आहे. मादागास्करच्या नांगऱ्या कासवाची तर इतकी चोरी होते की तस्करांना किंमत मिळू नये म्हणून संरक्षण करणारे स्वतःच कवचावर खुणा कोरतात. देशातला कायदा सायटीसच्या वर वेगळा असतो, तो तुमच्या वनखात्याकडे लेखी विचारा आणि उत्तर कागदांसोबत ठेवा.

---

जनावरांचा डॉक्टर

नळी दिवसाचे दहा-बारा तास, रात्री पूर्ण अंधार. टायमर लावा, विसरणं नको. नळी आणि शेकायचा दिवा एकाच बाजूला, म्हणजे ऊब घ्यायला आलं की किरणही मिळतील, आणि दुसऱ्या बाजूला सावली, म्हणजे नको तेव्हा निघून जाईल. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको. बारीक जाळीही बरेच किरण खाते.

पांढरं खरखरीत राहिलं तर अंघोळ दिवसातून दोनदा करा. आठवड्यात मलईसारखं झालं नाही, किंवा वजन घटलं, तर घेऊन या. येताना ताजी शी आणा, कालची नको.

---

खडूस काकू

आणि झोपलेलं असताना उचलून बघू नकोस रे. फुस्स केलं म्हणजे ठीक आहे. वजन किती भरलं या आठवड्यात?

---

नवशिका

२१४.

---

खडूस काकू

लिही वहीत.